बाईंनी शिकवलेली आफ्रिका

बाईंच्या घरी चहा मागताना तोंड सांभाळावं लागायचं. ‘थोडासा द्या’ म्हटलं की संपलं. पातेलं हातात धरून त्या तशाच उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "थोडा म्हणजे किती? अर्धा कप का पाऊण?" आपण हसायला जावं तर त्या हसत नसत, त्यांना खरंच उत्तर हवं असे. थोडं, अंदाजे, जवळपास, एवढ्यात हे सगळे शब्द त्यांनी स्वतःच्या घरातून आणि आमच्या शाळेतून हद्दपार केले होते. स्टाफरूममध्ये कोणी ‘पाच-सहा पोरी गैरहजर आहेत’ म्हटलं की बाई मान वर करून नुसतं पाहायच्या. मग आम्ही निमूटपणे वर्गात परत जाऊन मोजून यायचो.

भंडाऱ्याच्या त्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायची. बाई माझ्या आधीपासून तिथं होत्या, पुढं मुख्याध्यापिका झाल्या, तरी आठवीचा भूगोल त्यांनी कोणाला दिला नाही. मूळच्या लाखांदूरकडच्या. आईबाप दुसऱ्याच्या बांधीत धान रोवणारे, छप्पन्न साली दीक्षा घेतलेलं घर. घरातली शिकलेली पहिली पोरगी हीच. लग्न केलं नाही. काहून नाही केलं, हे विचारायची कोणाची टाप नव्हती, पण मी तोंडाची फटकळ, मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "एक जण पाहायले येणार होता. दहाची वेळ दिली होती, पावणेअकराले आला. मी तवा शेतावर निघून गेली होती." 

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा. असं वाटायचं की ही बाई आहे का फूटपट्टी. तो राग कधी गेला तेही मला चांगलं आठवतं. शाळेच्या व्हरांड्यात भंडारा जिल्ह्याचा भिंतभर नकाशा रंगवलेला होता. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या एक मेला सकाळी झेंडावंदनाच्या आधी मी शाळेत आले तर बाई स्टुलावर उभ्या, हातात चुन्याचा डबा आणि ब्रश. नकाशाचा वरचा उजवा भाग पांढरा करून राहिल्या होत्या. तेव्हाचे मुख्याध्यापक सर खाली उभे राहून विनवणी करत होते की बाई, शासनाचा नवीन नकाशा तर येऊ द्या.

"सर, आज हा नकाशा खोटा झाला," बाई वरूनच म्हणाल्या. "पोट्ट्या याच्यासमोरून झेंड्याले जाणार. एक दिवस तरी काहून खोटा ठेवाचा?"

तेवढ्यात सहावीतली एक पोरगी रडायला लागली. तिच्या मामाचं गाव आमगावकडं, ते तिच्या डोळ्यांदेखत चुन्याखाली गेलं होतं. बाई स्टुलावरून उतरल्या, पदराला हात पुसले, तिच्याकडं पाहिलं. पुढच्या रविवारी शाळा बंद असताना त्यांनी बाजूच्या भिंतीवर गोंदिया जिल्हा स्वतःच्या हातानं काढला आणि आमगावला लाल ठिपका दिला. सोमवारी त्या पोरीला घरून बोलावून दाखवलं आणि म्हणाल्या, "पाहाय, मामा जागच्या जागी आहे. फक्त भिंत बदलली." त्या दिवसापासून मी बाईंची झाले.

पण बाईंची खरी करामत म्हणजे आफ्रिका. फळ्यावर खडू टेकवला की तो न उचलता त्या अख्खा खंड काढायच्या, वर भूमध्य समुद्रापासून सुरू करून खालच्या टोकाला वळसा घालून पुन्हा तिथंच. पोरी मनातल्या मनात आकडे म्हणत, आणि वीसच्या आत आफ्रिका तयार. ही सवय त्यांच्या बोटालाच लागली होती. एस.टी.च्या धुळीनं भरलेल्या काचेवर, ताटातल्या वरणभातात, लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या आफ्रिका काढायच्या. एकदा लाखांदूरच्या गाडीत कंडक्टरनं काचेकडं पाहून विचारलं होतं, "बाई, हे काय?" बाईंनी सांगितलं, आफ्रिका. तो म्हणाला, "मी तं तुमाले भंडाऱ्याचंच तिकीट देल्लं." गंमत अशी की ही गोष्ट बाईंनीच आम्हाला सांगितली, तीही अगदी गंभीर चेहऱ्यानं.

त्यांच्या निरोप समारंभाला भाषणं लांबली. शिक्षणखात्याचे साहेब बोलले, संस्थेचे लोक बोलले, सगळ्यांनी त्यांच्या सेवेला ‘प्रदीर्घ’ म्हटलं. शेवटी बाई उठल्या. शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, "प्रदीर्घ नाही, बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षं मी आफ्रिका शिकवली. मी स्वतः नागपूरच्या पलीकडं तीन वेळा गेली आहे. मी जे शिकवलं ते पुस्तकातून. ते खरं आहे का नाही, हे मला माहीत नाही. आता मी पाहून येणार आहे. कोणाला यायचं आहे, त्यांनी हात वर करावा."

मांडवात हसू पसरलं. साहेबांनी टाळी वाजवली. दोन तास बसून माझी कंबर गेली होती, मला वाटलं, हात वर केला तर निदान ही सभा संपेल. म्हणून मी हात वर केला. बाईंनी तिथल्या तिथं पर्समधून वही काढून माझं नाव लिहून घेतलं.

तिथून जे सुरू झालं ते वर्षभर पुरलं. होता होता आम्ही नऊ जणी झालो, सगळ्या शाळेतल्या, काही नुकत्याच निवृत्त, काही माझ्यासारख्या रजा टाकणाऱ्या. नागपूरच्या एका टूरवाल्याकडून केनियाची आठ दिवसांची सहल ठरली, जुलैतली. जुलै बाईंनीच निवडला, कारण हरणांचे कळप नदी ओलांडतात तो पाठ आठवीच्या पुस्तकात होता. दर रविवारी दहा वाजता त्यांच्या घरी बैठक. दहा वाजून पाच मिनिटांनी आतून कडी. शिवणाच्या बाई शहापूरहून माझ्यासोबत ऑटोनं यायच्या, त्यांच्यामुळं आम्ही दोन वेळा ओट्यावर बसून खिडकीतून बैठक ऐकली आहे.

बैठकीत सराव चालायचा. जंगलात गाडीत गप्प बसावं लागतं, म्हणून गप्प बसायचा सराव. एक घंटा कोणी बोलायचं नाही. चौथ्या मिनिटाला शिवणाच्या बाई म्हणाल्या, "अव, मी गॅस बंद केला का व?" पुन्हा पहिल्यापासून. पाच रविवार झाले तेव्हा कुठं आम्ही अर्धा घंटा गाठला. मग विमानात अंग आखडतं म्हणून खुर्चीत सहा घंटे बसायचा सराव, चालायचा सराव, परक्या पद्धतीच्या जेवणाचा सराव. हिंदीच्या मॅडमनं लाखोळीच्या डाळीची पुडी आणि पायलीभर तांदूळ न्यायचा बेत जाहीर केला तेव्हा बाई म्हणाल्या, "तू तिथं काय पाहाले चालली? आपला तांदूळ?" मॅडम आठ दिवस रुसल्या होत्या.

हसतो आम्ही आता, पण त्या वर्षात मी जेवढी जिवंत होते तेवढी आधी कधी नव्हते, हे मी कोणालाही सांगेन. माझं सारं आयुष्य शहापूर ते भंडारा आणि भंडारा ते शहापूर. नवरा वरठीच्या कारखान्यात, दोन पोरं नोकरीला लागून पुण्याला. मला कोणी विचारलंच नव्हतं की तुला कुठं जायचं आहे का. बाईंनीही विचारलं नव्हतं म्हणा, त्यांनी नाव लिहून घेतलं होतं.

आणि घरच्यांची परवानगी? ती फक्त बाईंच्या नावावर मिळाली होती. नवऱ्यांना, पोरांना, सुनांना एकच उत्तर द्यायचं, मोठ्या बाई सोबत आहेत. मग कोणी पुढं बोलायचं नाही. शिवणाच्या बाईंचा मुलगा तर सरळ म्हणाला होता, मोठ्या बाई आहेत म्हणून पाठवतो, नाही तर मी तुला नागझिऱ्यालाही एकटं पाठवलं नसतं.

राहिली होती फक्त लस. तिकडं जायला पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते आणि ती निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. नागपूरला ती आठवड्यातून एकाच दिवशी मिळायची, आणि आधीच्या आठवड्यात लसच आलेली नव्हती. त्यामुळं आम्ही नऊ जणी गेलो तेव्हा निघायला बारा दिवस उरले होते. म्हणजे मिळाली तर आजच, नाही तर नाही.

काउंटरवरच्या कारकुनानं आमचे पासपोर्ट एकावर एक रचले आणि तो चक्रावला. नऊपैकी सहा जणींची जन्मतारीख एक जुलै. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सहा बहिणी आहात का?"

बाईंनी त्याला समजावून सांगितलं. आमच्या वेळी बाप पोरीला घेऊन शाळेत जायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा धान कापणीच्या वेळचा. मग गुरुजी पोरीची उंची पाहून साल टाकायचे आणि शाळा सुरू व्हायचा महिना म्हणून एक जुलै. हिंदीच्या मॅडम मध्येच म्हणाल्या, "माही खरीच एक जुलै आहे." ती बिचारी खरंच त्या दिवशी जन्मली होती, पण तिच्यावर शाळेत कधी कोणी विश्वास ठेवला नाही. कारकूनही हसला.

आत डॉक्टर तरुण होता. बाईंचा नंबर पहिला, मी त्यांच्या मागं. त्यानं कागद पाहत विचारलं, "साठच्या आत ना?"

"कागदावर एकोणसाठ," बाई म्हणाल्या. "अंगानं त्रेसष्ट."

मी मागून त्यांचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि डॉक्टरला सगळं सांगितलं. त्यांच्या बापानं गुरुजींना सांगितलं होतं, ज्या साली तलावाची पाळ फुटली त्या साली ही झाली. पोरगी अंगानं बारीक, गुरुजींनी चार वर्षं कमी टाकली. पुढं नोकरी लागल्यावर बाईंनी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जाऊन पाळ कोणत्या साली फुटली ते जुन्या दप्तरात शोधून काढलं होतं. कागद बदलायलाही गेल्या होत्या, पण तलावाची पाळ हा काही पुरावा होत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. तेव्हापासून त्या म्हणायच्या, कागदाचं वय कागदाजवळ, अंगाचं अंगाजवळ.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तो चांगला माणूस होता, चिडला नाही. म्हणाला, "मॅडम, साठच्या पुढं या लसीचा कधी कधी त्रास होतो, गंभीर होतो. मला आधी तुमच्या तपासण्या, फिजिशियनची चिठ्ठी लागेल. पुढच्या आठवड्यात या, तेव्हा पाहू."

पुढच्या आठवड्यात म्हणजे निघायला पाच दिवस. सगळं संपलं होतं. बाईंनी "बरं" म्हटलं, पासपोर्ट उचलला आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या. बाकीच्या आठ जणींना टोचलं. मला टोचताना डॉक्टरनं विचारलं, तुमचं खरं वय? मी म्हटलं, "माही माय मेली, आता कोणाले विचारू?" माझं कागदावर चोपन्न होतं, दोन-चार वर्षं इकडंतिकडं धरली तरी साठ होत नव्हती, म्हणून त्यानं सोडून दिलं.

बाहेर येऊन मी बाईंवर इतकी चिडले की दवाखाना आहे हेही विसरले.

"तुमाले कोणी विचारलं होतं? पासपोर्टावर एकोणसाठ आहे ना? मंग तेच सांगाचं."

"सुई पासपोर्टाले टोचणार होते का?" बाई म्हणाल्या.

"एक वर्ष झालं बाई. एक वर्ष आमाले नाचवलं. आणि आता एका वाक्यापायी सारं मातीत घातलं. आमाले घरून कोण सोडते आता?"

बाईंनी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. बाकीच्या जणी दूर उभ्या राहून दंडावरचे कापसाचे बोळे दाबत होत्या. कोणी मध्ये पडलं नाही, कारण प्रत्येकीच्या मनात तेच होतं.

परतीच्या एस.टी.त मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसले नाही. मौद्यापर्यंत तशीच बसले, मग राहवलं नाही, उठून त्यांच्या बाजूला गेले. काचेवर धूळ होती, पण त्यांचे हात मांडीवर होते. मी विचारलं, "पस्तावा होऊन राहिला का?"

"होते ना. काहून नाही होणार? डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पाय टाकला तवापासून होऊन राहिला," त्या म्हणाल्या. "वापस जाऊन सांगावं, मी गंमत केली, असंही वाटलं." मग म्हणाल्या, "पण तो पोरगा मले माह्या जिवासाठी विचारत होता. त्याले काय खोटं सांगाचं?" डोळे भरले होते त्यांचे. मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं, आणि मला माझीच लाज वाटली.

भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी आम्हा आठ जणींना उभं केलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जाल. घरच्यांशी मी बोलते."

आणि त्या बोलल्या. छत्री घेऊन आठही घरी गेल्या. माझ्या घरी आल्या तेव्हा नवरा कारखान्यातून येऊन नुकता मोटारसायकल पुसत होता. त्याचं ठरलेलं होतं. म्हणाला, "मोठ्या बाई, तुमीच नाही तं हे कायले जाते? आठ बाया, परका मुलूख."

बाई अंगणातल्या खुर्चीवर बसल्या. "भाऊ, तुम्ही वरठीले रात्रपाळी किती वर्षं केली?"

"अठ्ठावीस."

"तवा हिनं तुमच्यासोबत कोणाले पाठवलं होतं का?"

नवऱ्यानं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं. "नाही," म्हणाला.

"मंग," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडं वळून पाऊण कप चहा मागितला.

शिवणाच्या बाईंकडं त्यांना तीन वेळा जावं लागलं. तिसऱ्या वेळी त्या मुलानं कंटाळून हो म्हटलं. सगळ्यांत जास्त हाल माझे झाले, कारण बाईंनी पुढारीपण माझ्या गळ्यात घातलं. तिकिटं, पासपोर्ट, गोळ्या, कोण कोणाच्या खोलीत, सारं माझ्याकडून पाठ करून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आठही बॅगा स्वतः उघडून पाहिल्या आणि आठही बॅगांतून स्वेटर काढून ठेवले. "विषुववृत्तावर चालल्या तुम्ही," म्हणाल्या. "सूर्य डोक्यावर असते तिथं. उगीच वजन." भूगोलात बाईंना कोण उलट बोलणार? सोडलं आम्ही.

वरठीला स्टेशनवर त्या पोचवायला आल्या, गाडी यायच्या एक घंटा आधी.  गाडी हलताना खिडकीशी येऊन मला एवढंच म्हणाल्या, "विषुववृत्ताची रेघ जिथं आहे तिथून मले फोन कर. तिथं उभी राहून कर, हॉटेलातून नको."

चौथ्या दिवशी आम्ही तिथं पोचलो. रस्त्याच्या कडेला मोठा पिवळा बोर्ड, त्यावर आफ्रिकेचा नकाशा आणि मधून रेघ. गाडीतून उतरलो मात्र, अंगात कापरं भरलं. आभाळ भरलेलं, वारा असा की डोळ्यांतून पाणी. पहिल्याच दिवसापासून आम्ही कुडकुडत होतो, तिसऱ्या दिवशी आठही जणींनी बाजारातून तिथल्या गुराख्यांच्या लाल चौकड्याच्या चादरी घेतल्या होत्या. त्या पांघरून आम्ही बोर्डाखाली उभ्या राहिलो, आणि टूरवाल्याच्या माणसाकडून फोन घेऊन मी बाईंना लावला.

पहिल्या घंटीलाच उचलला. "रेघेवर उभी आहे का?"

"हाव बाई."

"कसं आहे? उकाडा किती आहे?"

मी आजूबाजूला पाहिलं. शिवणाच्या बाई चादरीतून हात काढून मला खुणा करत होत्या, सांग गरम आहे म्हणून, काय बिघडते. हिंदीच्या मॅडमही मान हलवत होत्या. खरंच काय बिघडलं असतं? त्यांना यायला मिळालं नाही, निदान शिकवलेलं तरी खरं निघू द्यावं. माझ्या ओठावर आलंही होतं.

"बाई, थंडी आहे," मी म्हटलं. "दात वाजून राहिले. आमी चादरी घेतल्या इकत."

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. 

"उंची विचार," बाई म्हणाल्या. "समुद्रसपाटीपासून."

"सहा हजार फुटांच्या वर आहे म्हणे."

"वर म्हणजे किती?"

मी बोर्डावरचा आकडा वाचून दाखवला. त्यांनी तो परत म्हणून पाहिला. मग "बरं. सांभाळून या" म्हटलं आणि फोन ठेवला. मी तिथंच उभी राहून रडले. हिंदीच्या मॅडम म्हणाल्या, "तुले एक खोटं बोलता येत नव्हतं का व?" मी त्यांना काय सांगणार? वर्षभर त्या बाईजवळ बसून माझी जीभच तशी झाली होती.

परत आले, दुसऱ्याच दिवशी बाईंच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, त्या लाखांदूरला गेल्या आहेत सकाळच्या एस.टी.नं, या आठवड्यात तिसऱ्यांदा. मी ओट्यावर बसून राहिले. दिवस मावळायला बाई आल्या. चपला हातात, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखलेले. मला पाहून त्यांनी आधी पाय धुतले, मग कुलूप उघडलं, मग सांगितलं.

इथं यायच्या आधी त्या लाखांदूरच्या शाळेत होत्या. तिथं आठवीत एक पोरगी होती. विषुववृत्तावर बारा महिने उकाडा असतो, असं बाईंनी सांगितलं तेव्हा ती उठून म्हणाली होती, बाई, पहाड उंच असला तर तिथं थंडी वाजत असेल ना? बाईंनी तिला पुस्तकातली ओळ वाचायला लावली आणि तास संपेपर्यंत बाकावर उभी केली. माझा फोन ठेवल्याबरोबर त्यांना ती पोरगी आठवली. दुसऱ्या दिवशी गेल्या तर कळलं, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. तिथं गेल्या तर ती माहेरी रोवण्याला आलेली. आज तिसऱ्या फेरीत ती सापडली, बांधीत, बावीस बायांच्या रांगेत, वाकून धान रोवताना.

"मी बांधीच्या धुऱ्यावर उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, तू बरोबर होती. मी चुकली होती. तुले उभी करायले नाही पाहिजे होतं."

"मंग?"

"ती म्हणे, मले तं काही आठवत नाही बाई. कोणता तास, कोणतं उत्तर. बाकीच्या बाया हसाले लागल्या." बाईंनी चपला दाराशी ठेवल्या. "मंग ती धानाचे पऱ्हे हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणे, ते नाही आठवत, पण मी वर्गात बोलणं सोडलं होतं, ते आठवते. काहून सोडलं होतं ते मले मालूम नव्हतं."

 मी विचारलं, "तुम्ही काय म्हटलं?"

"काय म्हणणार? म्हटलं, आता बोल. मी बसली आहे." बाईंनी लुगड्याचा ओला काठ पिळला. "ती बोलली मंग. सासरचं, पोरांचं, धानाचं, सारं. रोवता रोवता बोलत होती. मी धुऱ्यावर बसून दोन घंटे दहा मिनिटं ऐकलं. शेवटची एस.टी. कशीबशी भेटली."